नाय म्हणणाऱ्याच्या दारात

कौसा, हात कुठं ठेवावेत ते मला कळंना झालंय. मांडीवर ठेवले तर डावा तळवा आपोआप वर होतो आणि उजव्या हाताचा अंगठा त्याच्यावर फिरायला लागतो. तळव्यात काही नसतं. तंबाखूची चंची आपल्या मंगलनं कपाटात घालून कुलूप लावलंय, आणि लावलं नसतं तरी काय उपयोग नव्हता. गालाच्या आतनं तुकडा काढून नेलाय, तिथं टाका आहे. डॉक्टरनं बजावलंय, तोंडात काही भरायचं नाही. तुकडा तपासायला गेलाय, निकाल यायचा आहे. तोवर मी घरभर फिरतोय. ओट्यावर जातो, परत येतो, मोरीतला नळ बंद आहे का बघतो, परत ओट्यावर जातो. तुझ्या खुर्चीपाशी थांबतो, पण बसत नाही.

तुझ्या संस्थेतनं दोघं आले होते. तुझ्यावर पुस्तिका काढायची म्हणाले. "काका, मॅडम घरात कशा होत्या, चार ओळी सांगा. आम्ही लिहून घेतो." मी म्हणलं, तुम्ही लिहिलं तर ते तुमचं होईल. मी चौथी पास आहे, माझी अक्षरं कोंडवाड्यातनं सुटलेल्या मेंढरांवानी कुठंबी पळतात, पण मीच लिहीन. तुझ्या पदव्या, तुझी भाषणं, माणसाच्या सवयी शोधण्यात आणि तोंडाचा कॅन्सर व्हायच्या आधी अडवण्यात तू जिंदगी घातलीस ते, सगळं ते लिहितील. मला ते जमायचं नाही. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि त्यातलं निम्मं भांडण आहे. तू गेलीस म्हणून भांडण मिटलं असं समजू नकोस.

आधी ताटाचं सांगतो.

तुला माहीत आहे, आपल्यात सुतकात बसायला येणाऱ्यांपुढं तंबाखूचं ताट ठेवायची रीत आहे. तंबाखू, चुन्याची डबी, सुपारी, बिड्यांचा बंडल, काडेपेटी. बोलायला कुणापाशी काही नसतं, तेव्हा माणसं त्या ताटाकडं बघतात. मग कुणीतरी चिमूट उचलतो, मळतो, निम्मी शेजारच्याच्या हातावर ठेवतो, आणि तेवढ्यावर बोलणं सुरू होतं. तर तुझ्या भावानं, दगडूनं, ते ताट आणून आपल्या पुढच्या खोलीत मधोमध ठेवलं. तुझ्या फोटोच्या बरोबर खाली.

मंगल आतनं पाणी घेऊन आली आणि जागच्या जागी उभी राहिली.

"मामा, हे काय?"

"काय म्हंजी? ताट."

"आईच्या घरात?"

"माणूस ज्या घरात गेलं त्याच घरात ठिवणार ना. शेजारणीच्या घरात ठिवू का?"

"मामा, आईनं सगळं आयुष्य हेच सोडवण्यात घातलं."

"मला नको शिकवू तिनं काय केलं. माझी बहीण व्हती ती. पण माणसं पार देवगाव रंगारीकडनं आल्याती, सकाळधरनं बसल्याती. त्यांनी काय एकमेकाची तोंडं बघत बसायचं?"

कोपऱ्यातनं एक म्हातारा बोलला, "तोंडं बघायचं काम तर कौसाबाईचंच व्हतं." आणि सगळ्यांना हसू आलं. मलाबी आलं. मंगल तेवढी हसली नाही. तिनं ताटाला हात घातला, दगडूनं दुसरीकडनं धरलं. दोघंबी माझ्याकडं वळले.

"अण्णा, तुम्हीच सांगा आता."

"व्हय दाजी, सांगा तुमीच."

मी काय सांगू, कौसा? माझी सोताची चंची त्या वक्ताला माझ्या कमरेला होती. ताट उचल म्हणलं असतं तर लांबून आलेल्या माणसांची इज्जत गेली असती. राहू दे म्हणलं असतं तर तुझी. मी तुझ्या फोटोकडं बघितलं. तू असतीस तर काय केलं असतंस? तिथंच माझं डोकं अडकलं. कारण एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. तू ते ताट उचललं नसतंस.

हे मंगलला माहीत नाही. तिला वाटतं तू सगळ्यांना तंबाखू सोडा, तंबाखू सोडा म्हणत फिरलीस. तसं तू फक्त सुरुवातीला केलंस. तेव्हा तू आणि तुझ्या जोडीनं काम करणारी छाया, तुमच्याकडं ती चित्रं होती. सडलेले जबडे, भोकं पडलेले गाल. देवगावच्या पलीकडं एका वाडीत तुम्ही ती भिंतीला टांगलीत आणि बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. तुम्हाला वाटलं, झालं काम. सांजच्याला तुम्ही गाडीची वाट बघत उभ्या होतात तर घराघराच्या मागं बायका उकिडव्या बसून मिश्री लावत होत्या. तव्यावर काळी भाजलेली तंबाखू, कुटून बारीक केलेली, बोटावर घेऊन दातांना घासायची. नुसती सकाळी लावणारी बाईबी त्या दिवशी सांजच्यालाबी लावत होती.

तू घरी आलीस ती पाय ओढत. त्याच दिवशी माझ्या कारखान्यात राडा झाला होता. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस ते. आम्ही चिकलठाण्याला एका मशीनवर दोघं असायचो, मी आणि दलित वस्तीतला एकजण. चार वर्षं एका डब्यात जेवलेले. त्या दिवशी कँटीनमधी माणसं दोन बाजूला बसली. नवं नाव पाहिजे म्हणणारे इकडं, नको म्हणणारे तिकडं. मी ताट हातात धरून मधीच उभा राहिलो. घरी येऊन मी चिमटीवर चिमटी भरत होतो. तू बघत होतीस.

"आज लई चाललीय."

"डोकं फिरलंय."

"भ्या वाटलं का?"

"कुणाच्या बापाला भितो मी?"

तू एकटीच हसलीस. म्हणालीस, "भ्यालेल्या माणसाचा हात पहिल्यांदा कुठं जातो ते आज दिसलं. आम्ही त्या बायकांना भ्या दाखवतो आणि आमच्याच हातानं मिश्रीकडं ढकलतो." दुसऱ्या दिवशी ती चित्रं तू पेटीत घातलीस, ती परत निघाली नाहीत.

मला राग आला होता. मी म्हणलं, "मी तुझ्या अभ्यासातला माणूस नाय."

"मग कुणाचे?" म्हणालीस.

मी आणखी एक चिमूट मळली.

आणि निजताना विचारलंस, "मधी उभं राहून जेवण झालं का?" ते मला लई लागलं. कारण जेवण झालं नव्हतं. ताट तसंच ठेवून मी मशीनवर परत गेलो होतो.

तुझ्यावरबी तीच वेळ आली. वेगळ्या गावात, थोड्या दिवसांनी. गावोगाव घरं जळत होती तेव्हा. तू तोंडं तपासायला गेलीस तर मोठ्या घरातल्या बाईनं सांगितलं, ताई तुम्ही या वर, त्या बाईला खाली वस्तीत बसू द्या, आणि तिकडं वापरलेला चमचा आमच्या तोंडात नको. ती बाई म्हंजी छाया. तू "बरं" म्हणालीस, पिशवी उचललीस आणि छायाच्या संगं खाली वस्तीत गेलीस. तिथं एका ओट्यावर बसलीस आणि सांगून टाकलंस, आजपासून तोंड बघायचं ते हितंच. ज्याला दाखवायचं त्यानं हिकडं यावं. वस्तीतल्यांची तोंडं बघितली आणि परत आलीस.

मी भांडलो. म्हणलं, तुझं काम तोंडाचं, तू नावाच्या भांडणात कशाला पडतीस? तू म्हणालीस, "तोंड बघायला आधी माणूस समोर बसावा लागतो. अर्धं गाव उभं ठिवून मी काय बघू?"

दुसऱ्या खेपेला वरचं कुणी आलं नाही. तिसऱ्या खेपेला गया आली. आपल्यातलीच, मेंढरावाल्याची सून, पोरगेली. दम लागलेली. म्हणाली, "ताई, गाल दुखतोय. जात घरी ठिवून आलीय, म्हातारी यायच्या आत बघा." तू मला हे सांगितलंस तेव्हा आपण दोघं पोट धरून हसलो होतो. तवापासून तुझा नियम ठरला. नाय म्हणणाऱ्याच्या दारात परत जायचं. एकदा नाय, दोनदा नाय. तिसऱ्यांदा गेल्याशिवाय ते घर सोडायचं नाही. हाताखालच्या पोरींना तू हेच शिकवलंस, मला ऐकून ऐकून पाठ झालं.

नाव बदललं त्या दिवशी तू पेढे आणलेस. आधी छायाकडं गेलीस, मग शेजारी, आणि माझ्या वाट्याला खोक्यातला चुरा. मी चिडवलं, "तुझ्या पदवीच्या कागदावर तर जुनंच नाव हाय." तू म्हणालीस, "कागद जुना हाय. मी नाय." आता छायाबी नाही आणि तूबी नाहीस. त्या पेढ्याची गंमत सांगायला मी एकटाच राहिलोय, आणि ऐकणारं कुणी नाही.

गयानंच तुला पुढची वाट दाखवली, हे तूच कबूल करायचीस. तू तिला मिश्री सोड म्हणाली नव्हतीस. तू विचारलंस, मिश्री सोडली तर काय जाईल तुझं? ती म्हणाली, "माझं बसणं जाईल. तोंडात बोट हाय तवर सासू हाक मारत नाय. तेवढीच माझी सुट्टी." तू परत आलीस ती उड्या मारत. मी भाकरी थापत होतो, तू उंबऱ्यावर उभी राहून सांगत होतीस. आपण समजतो बाई तंबाखूला चिकटलीय. बाई सुट्टीला चिकटलीय. सुट्टी तशीच ठिवली तर तंबाखू सुटंल. मग तू काढलास तो काडीचा कार्यक्रम. सकाळी एका जागी बायकांनी जमायचं, बाभळीची काडी चावायची, दात घासायचे, सावकाश, आणि बसायचं. काडी चावून संपेस्तोवर कुणाची हाक घ्यायची नाही.

तुझे मोठे सर हसले होते. "मॅडम, बायकांना नुसतं बसवायचा कार्यक्रम?"

"व्हय सर. उभ्या उभ्या कुणी काय सोडत नाय."

सगळ्या बायकांनी मिश्री सोडली असं मी लिहिणार नाही. तू असतीस तर माझ्या हातनं कागद हिसकावला असतास. काहींनी सोडली, काहींनी कमी केली, काही काडीबी चावायच्या आणि घरी जाऊन मिश्रीबी लावायच्या. तू त्यांनाबी हाकललं नाहीस. "येतीय ना बसायला? येऊ दे."

माझ्या बापाची आठवण येते मधीच. लग्नात तू सातवी, मी चौथी. कारखान्यात लागलो म्हणून उस्मानपुऱ्यात खोली घेतली आणि तू परत शाळा धरलीस, मग कॉलेज, मग विद्यापीठ. बाप गावाकडनं आला आणि म्हणाला, "किसन्या, सुनंला शाळंत घालतोस, उद्या ती तुला घालंल." मी म्हणलं, घालू दे. शेजारचे मला मॅडमचा स्वयंपाकी म्हणायचे. म्हणू दे. तू खेड्यात गेलीस की भाकरी मीच करायचो आणि चांगल्या करायचो, तुझ्यापेक्षा गोल. हे मी तोंडावर सांगितलं असतं तर तू मानलं नसतंस, म्हणून आता लिहून ठेवतो.

आणि बॅटरी. तुझ्या एवढ्या मोठ्या कामात माझा हात लागला तो तेवढाच. तोंडात बघायची तुझी ती बॅटरी. तू जायच्या सकाळी मी तिचे सेल बदलायचो, भिंतीवर पेटवून बघायचो आणि पिशवीत ठेवायचो. तू कधी सांगितलं नाहीस, मी कधी विचारलं नाही. एकदा मी आजारी होतो तेव्हा तू सेल न बघता गेलीस आणि अंधाऱ्या घरात बॅटरी गेली. त्या दिवशी परत येऊन तू माझ्यावरच ओरडलीस. मला लई बरं वाटलं.

आता माझ्या भांडणावर येतो.

कारखान्यात आम्हाला मशीन थांबवायला दुसरं काही निमित्त नव्हतं. पाणी प्यायला गेलो तर सुपरवायझर मागं यायचा. पण तंबाखू मळतोय म्हणलं की गप बसायचा, तोबी मळायचा. तू एकदा गेटवर मला न्यायला आलीस तेव्हा हे तू बघून ठेवलंस. म्हणून माझ्या तंबाखूला तू कधी नावं ठेवली नाहीस. कारखान्यातली नोकरी सुटल्यावर एवढंच म्हणालीस, "आता कुठल्या मशीनपासनं सुट्टी घेता?" मी म्हणलं, "तुझ्या तोंडापासनं." आपण हसलो आणि ते तिथंच राहिलं.

मग ती सकाळ. ओट्यावर ऊन होतं, मी शेजारच्याशी बोलताना मोठ्यानं हसलो आणि तू एकदम माझ्या तोंडाकडं बघितलंस.

"एकदा आ करा बरं."

"का?"

"बघते."

"गावातली तोंडं संपली का?"

"आ करा म्हणतेय ना."

"मी नाय तुझ्या गावातला."

तू बॅटरी पिशवीत टाकलीस आणि निघून गेलीस. कौसा, मी तू परत विचारशील म्हणून वाट बघितली. खरं सांगतो. तुझा नियम मला पाठ होता. नाय म्हणणाऱ्याच्या दारात परत जायचं. मी मनात ठरवलं होतं, दुसऱ्यांदाबी नाय म्हणायचं, कारण मान ठेवायचा असतो, आणि तिसऱ्यांदा उघडायचं. तू आलीच नाहीस. सगळ्या मुलखाच्या दारात तीन तीन खेपा घालणारी बाई माझ्या दारात एकदा आली आणि गेली. परक्यांना तीन आणि मला एक. हे मला सलत होतं, तू असताना सलत होतं, आणि तू चपलेचा पट्टा लावता लावता खुर्चीत कलंडलीस, मी चहा घेऊन आलो तर संपलं होतं, तेव्हा रडू यायच्या आधी मला हेच आठवलं. आता तू विचारायची राहिलीस.

तर सुतकातल्या त्या दिवशी दोघं ताट धरून उभे, मी तुझ्या फोटोकडं बघतोय, आणि बाहेर जीप थांबली. गया आणि तिच्या संगं सात-आठ बायका. गया आता म्हातारी झालीय, आवाज तोच. आत आली, तुझ्या फोटोला हात लावला, कपाळाला लावला. मग ताटाकडं बघितलं, दगडूकडं बघितलं, मंगलकडं बघितलं. काय झालंय ते तिला सांगायला लागलं नाही. खाली बसली, पदराची गाठ सोडली. आत बाभळीच्या काड्या, सगळ्या एका मापानं तोडलेल्या, ओल्या. तिनं त्या ताटात तंबाखूच्या शेजारी ठेवल्या आणि ताट दोघांच्या हातांसकट खाली टेकवलं.

"ज्याला जे पायजे ते घ्या," म्हणाली. "ताई कुणाच्या हातातलं वढून घेत नव्हती."

मंगलनं ताट सोडलं. दगडूनंबी सोडलं. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं एक काडी उचलली, उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, "मी घिऊन काय करू, दात कुठं हायत मला?" पण परत ठेवली नाही, खिशात घातली.

मी दोन्ही उचललं. एका हातात काडी, एका हातात तंबाखू.

"दाजी, दोन बायका केल्यावानी काय बसलाव?" गया म्हणाली. बायका हसल्या. मग त्या सगळ्या उठून मागच्या अंगणात गेल्या, आणि सकाळी बसतात तशा उकिडव्या बसल्या, काड्या चावत, न बोलता. मला पुढच्या खोलीत बसवंना. मीबी मागं गेलो. बायकांच्या बैठकीत एकटा बाप्या. कुणी ऊठ म्हणलं नाही.

थोड्या वेळानं गया म्हणाली, "ताईची बॅटरी कुठं हाय?"

मी आणून दिली.

"आ करा, दाजी."

"का?"

"ताईनं सांगितलंय."

"कवा?"

"लई दिवस झाले. म्हणली, गया, एक तोंड राहिलंय. मला तेवढं बघायची हिंमत व्हत नाय. मी नसले तर तू बघ."

तरी मी म्हणलंच, "मला एकदाच विचारलं तिनं. तुमच्या दारात तीनदा येत व्हती."

गयानं काडी तोंडातनं काढली. "आमच्या गालात चट्टा दिसला तर ताई कागदावर लिहीत व्हती. तुमच्या गालात दिसला असता तर कुठं लिहिणार व्हती?"

तूच सांगितलं होतंस मला, भ्यालेल्या माणसाचा हात पहिल्यांदा कुठं जातो ते. माझा चंचीकडं जायचा. तुझा पिशवीकडं. त्या दिवशी ओट्यावरनं तू एवढ्या घाईनं गावाला निघून गेलीस ती का, हे मला इतक्या दिवसांनी एका मेंढरावालीच्या सुनेनं सांगावं? तू सांगायचं होतंस. मला भ्या वाटतंय एवढंच म्हणायचं होतंस. मी लगेच उघडलं असतं तोंड. तुझी हिंमत झाली नाही हे मला कळलं, पण तू विचारायला पाहिजे होतंस, हे माझं म्हणणं अजून तसंच आहे. मी ते सोडणार नाही.

मी तोंड उघडलं. सगळ्या बायका वाकून बघायला लागल्या, जसं काही विहिरीत कायतरी पडलंय. मंगल दारात उभी होती, तिनं तोंडावर हात धरला होता. गयानं बोटानं गाल बाजूला केला, लई वेळ बघितलं. तू जशी बघायचीस तशी, घाई न करता, श्वास धरून.

"डाव्या गालात. पांढरा हाय, मधी लाल," ती म्हणाली. "मंगल, उद्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं."

"अण्णा नाही म्हणाले तर?"

"तर मी परवा यीन. परवा नाय म्हणले तर तेरवा."

"यायला लागणार नाय," मी म्हणलं. पण तोंड उघडं होतं, म्हणून नुसतंच आ-आ झालं, आणि त्या बायका परत हसल्या. मंगलबी हसली. सुतक लागल्यापासनं पहिल्यांदा.

पुढं आलो तर ताटातली काही तंबाखू गेली होती, काही काड्या गेल्या होत्या. कुणी काय घेतलं ते तू असतीस तर मोजलं असतंस. मी मोजलं नाही. दगडू म्हणाला, "दाजी, तुमी तिकडं काय करत व्हता?" मी म्हणलं, बसलो होतो.

तर आता असं आहे. निकाल यायचा आहे. मंगल म्हणते लवकर सापडलं असंल तर काही होत नाही, आईचंच वाक्य. मला निकालाचं भ्या वाटतं का? वाटतं. हे बघ, मी म्हणलं. एवढं सोपं होतं ते म्हणायला.

आणि एक राहिलं. कुठल्या मशीनपासनं सुट्टी घेता, असं तू विचारलं होतंस, आणि मी चेष्टा केली. उत्तर असं होतं. कारखाना सुटला तरी तू गावोगाव जात होतीस. मी सांजच्याला ओट्यावर बसायचो, रस्त्याकडं बघत. तू येईस्तोवर हाताला काहीतरी काम पाहिजे होतं. वाट बघण्यापासनं सुट्टी, दुसरं काही नाही. आता वाट बघायची नाही, तरी दिवस कलला की मी ओट्यावर जातो आणि हात सुरू होतात. गयानं ठेवलेल्या काड्यांतली एक घेऊन बसतो. चावता येत नाही, टाका आहे. नुसती हातात धरतो. बसतो.

गया जाताना म्हणाली, ताईच्या बॅटरीचा उजेड लई भारी हाय, एवढ्या वर्षांची असून. भारी असणारच. तू खुर्चीत कलंडलीस त्या सकाळी तुला सिल्लोडला जायचं होतं. चहा ठेवायच्या आधी मी तिचे सेल बदलले होते.